रणगाड्याशेजारचे दोन डबे

२ फेब्रुवारी, रविवार

आणला! खोका पोटाशी धरून जिना चढले तर हे दारातच. "काय ते? मिक्सर?"

"रणगाडा," मी म्हटलं. यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग म्हणाले, "कवळ्या करून कंटाळलीस म्हणून आता थेट तोफखाना?"

हसू देत! तीस वर्षं डेंटल लॅबमध्ये लोकांचे दात घडवलेत. माझ्या हातच्या कवळीने म्हातारी माणसं सफरचंद फोडतात. तांदळाच्या दाण्याएवढं काम मला डोळे मिटून येतं. सुटे भाग जोडून छोटी मॉडेलं करणाऱ्यांच्या मंडळात मात्र मी नवखी, आणि एकटीच बाई. आतापर्यंत दोन विमानं आणि एक मोटार केली, सुटी-सुटी. मार्चच्या प्रदर्शनात पहिल्यांदाच अख्खा लष्करी देखावा मांडणार — जमीन, चिखल, माणसं, मधोमध रणगाडा. देखावा कुठला हे ठरवायला क्षणभरही लागला नाही. हॉलमधला बाबांचा फोटो!

४ फेब्रुवारी, मंगळवार

फोटो भिंतीवरून उतरवला. वहीच्या अर्ध्या पानाएवढा, काळा-पांढरा, कडेने पिवळा पडलेला. चिखलात उभा रणगाडा. पुढे तीन जवान, खांद्याला खांदा लावून. आणि वर, तोफेच्या फिरत्या घुमटावर, चौथा — एक हात तोफेवर, हेल्मेटची सावली डोळ्यांवर, खाली फक्त भरघोस मिशी. ते आमचे बाबा. मागच्या चाकापाशी दोन काळी, गोलसर, जुळी कायतरी आहेत. तेलाचे डबे असणार.

बाबांचा सैन्यातला हा एवढाच फोटो. परत आल्यावर त्यांनी गॅरेज काढलं. नखांत कायम काळं. कितीही घासा, जायचं नाही. मी चौथीत होते, ते मला न्यायला शाळेच्या फाटकाशी आले, आणि वर्गातली एक मुलगी सगळ्यांसमोर म्हणाली, "शी! तुझ्या बाबांचे हात बघ!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी फोटो दप्तरात घालून नेला. वर्गापुढे उभी राहिले आणि ठणकावून सांगितलं — हा वरचा, तो माझा बाबा! नुसता गॅरेजवाला नाहीये तो! बाईंनी टाळ्या वाजवायला लावल्या. घरी येऊन बाबांनाही सगळं साभिनय सांगितलं.

ते म्हणाले, "हं."

बाबा "हं"च म्हणतात. लग्नात हार घालतानाही "हं" म्हणाले असं आई सांगायची. आता एक्क्याऐंशीचे आहेत, आमच्याकडेच असतात, पेपर वाचतात, आणि "हं" म्हणतात. मला एकदाच, फक्त एकदा, त्यांनी त्याच्या पुढे काहीतरी बोललेलं हवंय. म्हणून हा खटाटोप.

९ फेब्रुवारी, रविवार

खालचा सांगाडा झाला. सोळा चाकं, एकही डुगडुगत नाही. लॅबमधली मेण कोरायची सुरी आणि बारीक कानस घरी आणली. मंडळातले लोक यासाठी परदेशी हत्यारं मागवतात म्हणे!

१३ फेब्रुवारी, गुरुवार

साखळी. एका बाजूच्या शहाऐंशी कड्या, एकेक सुटी! आज बेचाळीस जोडल्या. एक उडून कपाटाखाली गेली. हे टॉर्च घेऊन जमिनीवर पालथे पडले आणि शोधून दिली. वर म्हणाले, "युद्धात माझा पण वाटा लिही." लिहिला.

१६ फेब्रुवारी, रविवार

मंडळात सांगाडा घेऊन गेले. तिथे एक निवृत्त घड्याळजी आहेत, आमचे परीक्षकही तेच. डोळ्याला भिंग लावल्याशिवाय ते चहासुद्धा पीत नसतील. सगळे त्यांना सूक्ष्मदर्शक म्हणतात, पाठीमागे. त्यांनी माझा रणगाडा दहा मिनिटं फिरवून फिरवून बघितला. मी श्वास धरून. "चाकं बरी आहेत, ताई," म्हणाले.

बाकीचे माझ्याकडे बघायलाच लागले. सूक्ष्मदर्शक कोणाला "बरी" म्हणत नाहीत म्हणे! घरी येईपर्यंत पाय जमिनीवर नव्हते.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज बाबा टेबलाशी आले. स्वतःहून! मी साखळी ताणून चाकांवर बसवत होते. बराच वेळ उभे राहिले, मग म्हणाले, "ढिली ठेव."

"काय?"

"साखळी. वरच्या अंगाला झोल दिसला पाहिजे. एवढी ताणलीस तर पहिल्या वळणावर तुटेल."

तीन वाक्यं!! सगळी साखळी सोडवली, परत बसवली. आणि खरंच — आता तो रणगाडा दिसतो. मघाशी खेळणं दिसत होता. वर उभ्या राहणाऱ्या माणसालाही साखळीची एवढी जाण! आमच्या बाबांचं सगळंच वेगळं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

जमीन झाली. दातांचे साचे करायचं प्लास्टर, त्यात वाळवलेली चहापत्ती आणि तपकिरी रंग. असा फर्मास चिखल झालाय की हे हात धुऊन आले, फक्त बघून.

२ मार्च, रविवार

माणसं. पुढचे तिघे झाले. मग बाबा. उंची माझ्या अंगठ्याएवढी, चेहरा मसुरीएवढा. आणि त्या चेहऱ्यावर मिशी! एका केसाच्या कुंचल्याने, श्वास रोखून, सात वेळा पुसून आठव्यांदा. जमली. हुबेहूब! खिडकीपाशी नेऊन उन्हात धरली आणि उगाचच डोळे भरून आले. बावन्नाव्या वर्षी मी परत चौथीत गेले.

मग ते दोन डबेही केले आणि मागच्या चाकापाशी आडवे ठेवले. फोटोत आहे ते सगळं हवं. तेवढ्यात बाबा आले.

"ते काय?"

"तेलाचे डबे. फोटोत आहेत ना."

बाबांनी वाकून पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मला वाटलं आता काहीतरी सांगणार.

"हं," म्हणाले आणि पेपरकडे गेले.

८ मार्च, शनिवार

देखाव्यापुढे ठेवायचं कार्ड लिहिलं. सुवाच्य अक्षरात: "माझे बाबा — घुमटावर उभे असलेले." यांना वाचून दाखवलं, बाबांनाही. हे म्हणाले, "झकास." बाबा काय म्हणाले ते लिहायची गरज नाही.

१५ मार्च, शनिवार

उद्या प्रदर्शन. बाबांचा पांढरा शर्ट इस्त्री केला. बूट चांभाराकडून आणले. दर वर्षीचं ठरलेलं — उजवा बूट धडधाकट, डाव्याची टाच बाहेरच्या अंगाने पार खाल्लेली. चांभार म्हणाला, "तुमच्या बाबांचा बूट मी अंधारातही ओळखीन." देतानाच त्याला सांगितलं होतं, रविवारी त्याच बुटांना मोठ्या मानाने मिरवायचंय, नीट कर!

१६ मार्च, रविवार

पहिलं बक्षीस!!! नवोदितांत, पण पहिलं ते पहिलंच.

आधीपासून लिहिते. देखावा मधल्या टेबलावर, शेजारी मूळ फोटो, पुढे कार्ड. दहा वाजल्यापासून माणसांची रीघ. लोक वाकून चिखल बघायचे, मग साखळीचा झोल, मग कार्ड वाचून मागे खुर्चीवर बसलेल्या बाबांकडे वळायचे. "तुम्हीच का ते वरचे?" मीच पुढे होऊन सांगायचे, "हो, हेच!" एका बाईंनी मुलीला पाया पडायला लावलं. दोघा-तिघांनी हात मिळवायला हात पुढे केला, पण बाबांनी हात खिशातून काढलेच नाहीत. नुसती मान हलवत राहिले. लाजतात, मी म्हटलं. माझी छाती मात्र इतकी फुगली होती की ब्लाऊजच्या शिवणीची काळजी वाटत होती.

बक्षीस जाहीर झालं, टाळ्या झाल्या. नंतर सूक्ष्मदर्शक मला बाजूला घेऊन म्हणाले, "काम अव्वल आहे, ताई. एकच चूक. दोन गुण त्याचे कापले."

"कुठली चूक?"

त्यांनी आपलं भिंग फोटोवर धरलं. "हे डबे नव्हेत. बूट आहेत. कोणीतरी रणगाड्याखाली उताणं पडलंय, तळवे आपल्याकडे करून."

मला रागच आला. पन्नास वर्षं बघतेय मी तो फोटो! माझ्या घरातला फोटो, आणि हे कोण मला शिकवणार? "डबेच आहेत," मी म्हटलं. ते हसले. म्हणाले, "लॅबमध्ये भिंग असेल ना? बघा सावकाश."

घरी येताना बाबांना विचारलं, "कसं वाटलं?" "छान केलंयस," म्हणाले. छान! हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. पण म्हणताना ते रिक्षाच्या बाहेर बघत होते.

१७ मार्च, सोमवार

फोटो लॅबमध्ये नेला. जेवणाच्या सुट्टीत मोठ्या भिंगाखाली धरला, सूक्ष्मदर्शकांना खोटं पाडायला.

बूट आहेत.

आणि झीज ओळखणं हा माझा धंदा आहे. जुनी कवळी हातात घेतली की माणूस कुठल्या बाजूने चावतो ते मी सांगते. उजव्या बुटाची टाच सरळ. डाव्याची बाहेरच्या अंगाने पार खाल्लेली.

दुपारचं काम सगळं चुकलं.

१८ मार्च, मंगळवार

काल घरी आल्या आल्या विचारलं. "बाबा, खाली तुम्ही होतात?"

पेपर खाली ठेवला त्यांनी. "तेलाची नळी फुटली होती. मी खाली शिरलो होतो. फोटोवाल्याला घाई होती, तो काही थांबला नाही."

"आणि वरचे?"

"आमचे साहेब. देवमाणूस. पण साधा पाना धरता यायचा नाही."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तू वर्गात सांगून आली होतीस. कसली ऐटीत होतीस त्या दिवशी! तुला माझ्या हातांची लाज वाटायची, ते ठाऊक होतं मला. म्हटलं, असू दे. वरचा तर वरचा."

मी त्यांचे दोन्ही हात धरून बसले. नखांत अजून आहे थोडं काळं. रडले, चांगली हुंदके देऊन. हेही दारात येऊन उभे राहिले.

आज सुट्टी टाकली. डबे उपटून काढले आणि बूट कोरायला घेतले. बाबा शेजारी खुर्ची ओढून बसले. "डावी टाच अजून खरवड," म्हणाले. "पाय थोडे फाकव, पाना फिरवताना जोर लावावा लागतो. आणि हात केलेस तर काळे कर." हात दिसत नाहीत, सगळे खालीच. तरी केले. काळे केले.

कार्ड नवं लिहिलं: "माझे बाबा — ज्यांचे फक्त बूट दिसतात. रणगाडा त्यांनी चालू केला."