कलेक्टरचा प्रवेश

३ ऑगस्ट २०१४, रवि.
मंडळाच्या गणपतीच्या नाटकाला कलेक्टर मिळाला! खालच्या मजल्यावरचे हॅरॉल्ड. जन्म गेला विलायतेत नाटक-सिनेमात छोटी कामं करण्यात. बटलर, इन्स्पेक्टर, नाही तर "ही इज डेड" म्हणून बॅग बंद करणारा डॉक्टर. आता आमच्यासारखेच परदेशात, इथे मरीन परेडला लेकीकडे. "चेहरा सगळ्यांना आठवतो, नाव कुणालाच नाही," म्हणाले. इथे अख्खा प्रवेश त्यांचा, तोही मराठीत. ऐकून डोळे चमकले. म्हातारा कामाचा हावरा आहे. मला आवडला.

१७ ऑगस्ट
मीटिंग. दरवर्षीचंच. सभासदाचं प्रत्येक पोर स्टेजवर दिसलंच पाहिजे. नाच वाढले, हॉल तर वेळेत सोडायचा. नाटकातला एक प्रवेश उडवायचं ठरलं. सेक्रेटरी शिंदे म्हणाले, "साहेबाचा उडवा. त्याच्याकडून रुसायला कोण आहे?" सगळे हसले. मीही. दिग्दर्शिका म्हणे! मीच वहीत त्या प्रवेशावर काट मारली. वाढलेल्या नाचांत आमच्या इराचाही आहे.

२१ ऑगस्ट
लिफ्टमध्ये हॅरॉल्ड. त्यांचा मजला येईपर्यंत संवाद म्हणून दाखवले. चोख पाठ. सांगायचं होतं. "छान," म्हटलं. वर "मिशी लावू या," असंही. जीभ कशी झडली नाही माझी.

३१ ऑगस्ट
काल कार्यक्रम. सांगितलं शेवटी, तेही त्यांचा मेकअप झाल्यावर. "वेळ कमी पडतोय." आरशात बघत म्हणाले, "ऑफ कोर्स, माय डिअर." मग प्रेक्षकांत लेकीशेजारी जाऊन बसले, मिशीसकट. तिने ऑफिसातल्या मैत्रिणी आणल्या होत्या, बाबांचं काम बघायला. इराच्या नाचाला सगळ्यात जोरात टाळ्या त्यांच्या. घरी इरा इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणते, "हॅरॉल्ड अंकल सो नाइस, लाह." लाज वाटते.

३ सप्टें.
मोदक घेऊन खाली गेले. दार लेकीने उघडलं. म्हणाली, बाबा झोपलेत. मग हळूच, "आजवर किती कामं कापली गेली त्यांची, कधी अवाक्षर नाही काढलं. या वेळी मात्र रोज विचारतात, मी वाईट करत होतो का?"

नाही, उत्तम करत होते, म्हटलं. खरंच करत होते.

"मग का काढलं?"

इराचं नाव ओठावर आलं होतं. "वेळ..." एवढंच निघालं. तेवढ्यात आतून खोकल्याचा आवाज. जागेच होते.

घाईघाईत निघाले. डबा तिथेच राहिलाय. तो आणायला तरी जावं लागेल.