सात आणि आठ नंबरच्या मधलं दार

प्रिय अक्का,

"भिंत काय देवानं बांधली नाय, बोर्डानं बांधली हाय!" पहार खाली टेकवून, पदरानं तोंडावरचा चुना पुसत तू हे म्हणाली होतीस. त्याला पंचवीस वर्षं होत आली असतील. आज आवराआवर करताना तीच पहार पलंगाखाली सापडली आणि तुझा आवाज जसाच्या तसा कानात आला.

उद्या सकाळी टेंपो येणार आहे. खोपोलीतली आपली ही हाउसिंग बोर्डाची चाळ पाडायला घेणार आहेत; नवी घरं होईपर्यंत भाड्याच्या खोलीत राहायचं. डबे, पाटा-वरवंटा, माझी शाळेत शिकवायची पुस्तकं, सगळं पोत्यांत भरून झालं. तुझा फोटो मात्र भिंतीवरच आहे. तो सगळ्यात शेवटी काढीन. तू गेलीस त्याला दीड वर्ष झालं. मधल्या काळात इथे काय काय घडलं ते तुला कुणी सांगितलंय का? मीच सांगते.

बिल्डरची योजना तर तुझ्यासमोरच आली होती. जागा बोर्डाची, पैसा बिल्डरचा. तो पुढे रस्त्याला दुकानं काढून विकणार आणि मागे आपल्याला नवी घरं बांधून देणार. ज्याची आज एक खोली, त्याला एक घर. स्वयंपाकघर वेगळं, संडास घरात! मीटिंगमध्ये सगळे कुरकुरत होते. "पळून गेला म्हंजे?" असं कुणीतरी विचारलं, तर तू म्हणालीस, "पळंल कुठं? घाट चढताना दमंल की." आणि पहिली सही ठोकलीस. पावसात टमरेल धरून रांगेत उभं राहायचा तुला किती कंटाळा होता, ते मला ठाऊक आहे.

पण सही करून तू मोकळी झालीस गं! ते दार माझ्या गळ्यात टाकून गेलीस.

मी गावाहून तुझ्याकडे शिकायला आले तेव्हा बारा वर्षांची होते. भावोजी नुकतेच गेले होते. तू सरकारी दवाखान्यात दाई होतीस. आपण सात नंबरला, पार्वतीकाकू आठ नंबरला. आपण बौद्ध झालो होतो, पण काकूंच्या लेखी काही बदललं नव्हतं. पहिल्या दिवशी त्यांनी आपल्याला चहा दिला, तो गॅलरीत, निळ्या काठाच्या वेगळ्या कपात. तू चहा प्यालीस, कप विसळलास आणि घरी घेऊन आलीस. काकू मागे धावत आल्या.

"अगं, कप कुठं नेतेस?"

"आमच्यासाठीच येगळा ठेवलाय ना? मग आमच्याच घरी राहू दे."

काकू रिकाम्या हातानं परत गेल्या. त्यांचा तो चेहरा आठवला की मला अजून हसू येतं. अक्का, तुला राग नव्हता आला का गं? मी कधी विचारलंच नाही. विचारायला हवं होतं.

पुढे काकूंची सून अडली. दवाखान्यात न्यायलाही वेळ नव्हता. भर दुपारी तूच तिला त्या खोलीत मोकळी केलीस. त्यानंतर सव्वा महिना तू दिवसातून दहा वेळा गॅलरीतून ये-जा करायचीस. बाळ-बाळंतिणीला तेल, शेक, अंघोळ. एके दिवशी काकूच म्हणाल्या, "किती वळसा घालतेस गं? या भिंतीतनंच आली असतीस तर बरं झालं असतं."

त्या सहज बोलल्या होत्या. तू दुसऱ्या दिवशी पहार घेऊन आलीस!

मग आपलं कपाट त्या दाराचं झाकण झालं. बोर्डाचा इन्स्पेक्टर वर्षातून एकदा खोल्या बघायला यायचा. पहिल्या खोलीशी तो दिसला की काकू ओरडायच्या, "शकू, मांजर आलं गं!" आणि आपण दोघी कपाट ढकलून दारापुढे उभं करायचो. पंचवीस वर्षांत एकदाही पकडले गेलो नाही. तुझ्या शेवटच्या आजारात काकू त्याच दारातून पेज घेऊन यायच्या. गुडघे गेले होते त्यांचे. गॅलरीतून येणं त्यांना जमलंच नसतं.

तर आता ऐक. गेल्या उन्हाळ्यात बिल्डरकडचे मोजणीवाले साहेब आले. मी कपाट आधीच जागेवर लावलं होतं. साहेब टेप धरून लिहून घेत होते. इतक्यात कपाट थरथरलं. हातभर सरकलं. फटीतून आधी कपबशी आली आणि मागून काकू.

"साहेब, च्या घ्या. दमला असाल."

साहेबांनी चहा घेतला. दार पाहिलं. कागदावर लिहिलं, 'सात व आठ एकत्र, कुटुंब एक, घर एक.'

अक्का, दोनाचं एक केलं त्यांनी. एक घर! काकू, त्यांचा मुलगा सुदाम, सून, नातवंडं आणि मी, सगळ्यांत मिळून एक. साहेब गेल्यावर मी काकूंवर ओरडले. पहिल्यांदाच ओरडले.

"काकू, मांजर आलं होतं ना!"

"आगं, मांजर बोर्डाचं असतंय! ह्यो तर बिल्डरचा मानूस. पावना." आणि मग त्या पदर तोंडाला लावून खाली बसल्या. "मी गं काय केलं ह्ये? तुजं घर घालवलं मी."

मी साहेबांच्या ऑफिसात गेले. दोन भाडेपावत्या दाखवल्या. ते वाईट नव्हते गं. म्हणाले, "बाई, मला मधे भिंत दिसली तर मी दोन लिहीन. सोमवारी परत येतो."

म्हणजे दार बुजवायचं. इतकं सोपं होतं. तरी शनिवारपर्यंत ना काकूंनी विषय काढला, ना मी. शेवटी रविवारी सकाळी सुदामनं विटा आणून टाकल्या आणि म्हणाला, "तुमी दोघी नुसत्या बगत बसा. घर गेलं की मग रडा."

मग आम्हीच बुजवलं. सुदाम वीट लावत होता, मी अलीकडून देत होते, काकू पलीकडे स्टुलावर बसून बडबड करत होत्या. भिंत चढत गेली तसा त्यांचा आवाज बारीक होत गेला. वर एका विटेची जागा उरली तेव्हा त्या उठून म्हणाल्या, "थांब रं सुदाम." त्या फटीतून एक हात आला. हातात तो निळ्या काठाचा कप. इतकी वर्षं तो या घरातून त्या घरात फिरत होता, शेवटी कुणाचा ते कुणालाच आठवत नव्हतं.

"घे गं. तुज्याकडंच राहू दे."

मी कप घेतला आणि वीट दिली. तेव्हा रडले, खोटं कशाला बोलू!

सोमवारी साहेब आले. गिलावा ओलाच होता. त्यांनी भिंतीला बोट लावलं, बोट पाहिलं, रुमालाला पुसलं. काकू चहा घेऊन गॅलरीतून आल्या, धापा टाकत, गालावर चुना तसाच. "पैल्यापासनं हाय बरं का भिंत," त्या न विचारताच म्हणाल्या. साहेब खाली मान घालून हसले आणि लिहिलं, 'दोन.'

घरांच्या चिठ्ठ्या निघाल्या तेव्हा मला पहिला मजला आला आणि काकूंना तिसरा. काकूंनी चिठ्ठी परत डब्यात टाकली. "मला मास्तरीणबाईची भिंत पायजे. दुसरी चालायची नाय." अर्धा तास सगळे समजावत होते. शेवटी माझ्या शेजारचं घर ज्यांना लागलं होतं, तेच म्हणाले, "घे गं म्हातारे, आमाला वरची हवा चालंल." आता नकाशात माझ्या आणि काकूंच्या घरांमध्ये एकच भिंत आहे. आजच काकूंनी साहेबांना विचारलं, "किती जाड हाय ती?" का विचारलं असेल, सांग बघू!

तर अक्का, वचन देते. तुझा फोटो नव्या घरात त्याच भिंतीवर लावीन. निळा कप कपाटात शोभेला ठेवणार नाही, रोज वापरीन. आणि पहार भंगारात दिली नाही. पोत्यात घातलीय, बरोबर घेऊन चाललेय.

पण माझं एक ऐक. घराची किल्ली हातात पडेपर्यंत तरी काकूंच्या स्वप्नात जाऊन त्यांना पहारीचं काही सांगू नकोस. थोडे दिवस भिंतीला भिंत राहू दे. राहू देशील ना? तू कशाला ऐकतेस म्हणा!

तुझी,
शकू