डेल्फीनच्या दारातला उतार

ओकाला, फ्लोरिडा
३ मार्च

ती. मॅक्सीनताईस,
लिओटाचा सा. न. वि. वि.

गुडघा दुखत असूनही बागेत खपतेस, कमाल आहे तुझी! इकडे आमच्या वसाहतीच्या घरमालक संघाचं अध्यक्षपद माझ्या गळ्यात पडलंय. कुणीच उभं राहीना. मी कॉफी ओतायला उठले, तर लोकांना वाटलं, बाई तयार आहेत!

शेजारच्या ऑल्टनने बायको डेल्फीनच्या चाकांच्या खुर्चीसाठी दारात लाकडी उतार बांधला, संघाला न विचारता. उपाध्यक्ष रँडल म्हणतो, नियम म्हणजे नियम, पाडा. नोटिशीवर सही अध्यक्षाची लागते. माझा हॅरॉल्ड गेला तेव्हा याच डेल्फीनने मला भरवलं होतं गं. तरी केली सही. आता दोघंही माझ्याशी बोलत नाहीत.

लोभ आटू देऊ नकोस.
तुझी लिओटा

टोलेडो, ओहायो
१२ मार्च

चि. लिओटास अनेक आशीर्वाद.

कुणी डोळे वटारले की मान डोलवायची, ही तुझी खोड लहानपणापासूनची. राजीनामा दे आणि कायमची इकडे ये. वरची खोली रिकामीच आहे. पण आधी तुमच्या राज्याचा कायदा वाच. संघाचे नियम त्याच्यापुढे चालत नाहीत. रँडलने तरी वाचलाय का, विचार त्याला.

जिवाला जप.
तुझी ताई

ओकाला
२ एप्रिल

ती. ताईस सा. न.

वाचला. घरातल्या माणसाला वैद्यकीय गरज असेल, तर संघाला उतार अडवता येत नाही. मात्र आराखडा आधी द्यावा लागतो. ऑल्टनने तो दिलाच नव्हता. मागायला गेले, तर जाळीच्या दाराआडूनच म्हणाला, की सही करताना हात थरथरला नाही का तुझा? पण आराखडा दिला.

संघाच्या खुल्या सभेत मी कायदा मोठ्याने वाचला. रँडल कुरकुरला, पण उतार राहिला. मग मी पर्समधून राजीनामा काढला. रँडलने लगेच अध्यक्षाची खुर्ची स्वतःकडे ओढली.

तेवढ्यात डेल्फीन म्हणाली, की लिओटाने आम्हाला नोटीस दिली, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. म्हणूनच तिथे हीच बसू दे. पुन्हा सही करताना हिचा हात तरी थरथरेल. रँडलचा थरथरणार नाही.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी कागद परत पर्समध्ये घातला.

तुझ्याकडे यायचं तिकीट काढलं होतं, ते रद्द केलंय. रागावशील, तर रागाव. पण पत्र मात्र धाडत राहा.

तुझीच,
लिओटा