बाबांची मिशी

तीर्थरूप आईस,
तुझ्या थोरल्या लेकीचा वाकून नमस्कार.

इथे दवाखान्यात आल्यापासून बाबांना धाप कमी लागते. तोंडावर बांधलेल्या मास्कमधून यंत्र त्यांना हवा देतं. त्या हवेनं पोट फुगतं, घशाला कोरड पडते, आणि पट्ट्यांच्या दाबानं नाकावर जखम झाली आहे. ती भरेल, असं नर्सताई म्हणतात.

खरी अडचण मिशीची होती. तिच्यामुळे मास्क नीट बसेना, फटीतली हवा डोळ्यांत जाई आणि बाबा तो ओढून काढत. मी सगळं समजावून सांगितलं, तर म्हणाले, "बापाची मिशी उतरवायला पदवी घेतलीस का गं?" नर्सताईसुद्धा हसल्या.

मग डॉक्टर म्हणाले, मास्क टिकला नाही तर घशात नळी घालावी लागेल, आणि नळी असताना बोलता येणार नाही. तेव्हा बाबा स्वतःच हनुवटी वर करून म्हणाले, "काढ. पण तुझ्या आईला कळवू नकोस." मी लगेच वस्तऱ्यानं ती उतरवली.

आता मास्क घट्ट बसतो. तरी ते मधूनच काढतात आणि तुझी चौकशी करतात.

तुझे गुडघे कसे आहेत? धाकटा वेळेवर जेवतो ना?

मागच्या पत्रात मी 'येऊ नकोस' लिहिलं होतं. आता ये. त्यांना बघून दारात थबकू नकोस, तेवढ्यासाठीच मिशीचं कळवलं. त्यांना बोलता येतंय तोवर ये.

तुझी,
थोरली