नव्या घराच्या उंबऱ्यावर

वेद्रान, बाळा,

घर पुन्हा बांधून झालं, चावीही मिळाली, तरी मी अजून पत्र्याच्या खोलीतच राहते. वेड लागलेलं नाही मला. भूकंपात स्वयंपाकघरातल्या तुळईखाली मी अडकले होते, हे तुला माहीत आहे. आत पाय टाकला की अजून श्वास कोंडतो, हे माहीत नाही.

रियेकाहून यासेंका येते, मनाची डॉक्टरीण. आम्हा बायकांना गोल बसवते. पहिल्याच दिवशी म्हणाली, "डोळे मिटा. पायाखालची जमीन तुम्हाला धरून आहे, ते जाणवू द्या."

शेजारची श्टेफा ओरडली, "अगं पोरी, तिनंच तर आमची घरं पाडली!"

सगळ्या हसल्या. यासेंका लाल झाली, पण पळाली नाही. "बरं, जमीन राहू दे. छातीवर हात ठेवा. घाबरलेल्या लेकराला जे म्हणाल, ते स्वतःला म्हणा."

तुला तर मी 'रडू नकोस, ऊठ' एवढंच म्हणायचे. दुसरं काही शिकण्यात उन्हाळा गेला.

काल उंबऱ्यावर बसले, पाय बाहेर ठेवून. छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "घाबरलीस ना? बस इथंच. कुणी ढकलत नाही." तेवढंच जमलं.

नाताळात डब्लिनहून येऊन मला हाताला धरून आत नेणार म्हणतोस. नको नेऊस. तू आत झोप, मी दारात बसेन. दार तेवढं उघडं ठेव.

हे पत्र काही मी पोस्टात टाकणार नाही. अजून राहायला का गेली नाहीस, असं फोनवर विचारलंस की नेहमीचंच सांगेन, भिंतींचा रंग अजून वाळला नाही म्हणून.

दारातच अडकलेली,
तुझी आई