एवढा कापूस कुठून आणला?

माय, तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आता सरकार तुझ्यासारख्या बायांसाठी नवा कायदा करायला निघालंय. अजून झालेला नाही, नुसता मसुदा आहे, पण आमच्या गावात चर्चा अशी चाललीय की जणू कालच लागू झाला. शेतमालाच्या चोरीचा वेगळा गुन्हा. ज्याच्याजवळ कापूस, कांदा, केळी, काहीही सापडेल आणि ते कुठून आणलं याचा समाधानकारक खुलासा त्याला देता येणार नाही, त्याला गुन्हेगार धरायचं. विकत घेणाऱ्यालाही सोडायचं नाही म्हणे. तुझ्या जावयाने मोबाइलवर आलेलं सगळं मला वाचून दाखवलं आणि चष्मा काढून म्हणाले, आता बघ कसे सरळ होतात सगळे. मी विचारलं, सगळे म्हणजे कोण? तर म्हणाले, सगळे म्हणजे सगळे. मला तेव्हाच खटकलं. जो माणूस असं मोघम बोलतो त्याच्या मनात नावं आधीच ठरलेली असतात.

चोऱ्या होत नाहीत असं मी म्हणणार नाही. यंदा दिवाळीच्या तोंडावर आमच्या नाल्याकडच्या शेतातल्या कपाशीच्या कितीतरी ओळी कोणी रातोरात वेचून नेल्या. सकाळी जाऊन बघते तर झाडं उभी आणि बोंडं रिकामी. मी बांधावर उभी राहून अशा शिव्या घातल्या की ह्यांनीच माझा हात धरून मला गप्प केलं. तेव्हापासून वाटेने जाणाऱ्या प्रत्येक बाईच्या पोटाकडे माझी नजर जाते, ओटी फुगलेली दिसते का म्हणून. संशय माझ्या पाचवीलाच पुजलेला आहे, तूच म्हणायचीस. पण मग मला त्या कायद्याचाही तेवढाच संशय येतो. जिनिंग कारखान्यात ओलाव्याच्या नावाखाली आमच्या कापसाचं वजन कापून घेतात, त्याचा खुलासा कोणी कोणाला मागत नाही. हे मी बोलून दाखवलं तर हे म्हणाले, तो व्यवहार आहे. बरं, असेल व्यवहार.

तुला सांगायची गोष्ट वेगळीच आहे. ग्रामसभेत ह्या कायद्याला पाठिंब्याचा ठराव घ्यायचं ठरलं, आणि त्याच आठवड्यात ह्यांच्या चुलतभावांनी पाटाच्या पुलावर एका बाईला अडवलं. आमच्याच वेचणीवर येते ती, गावाबाहेरच्या वस्तीतली, नवरा गेलेली, बोलायला कमी. तिच्या डोक्यावर कापसाचं गाठोडं होतं. तिला गाठोड्यासकट आमच्या ओट्यावर आणून उभी केली. मी हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर आले. गाठोडं सोडलं तर आत कापूस पांढराफेक. कुठून आणला म्हणून विचारलं तर ती माझ्याकडे बघून म्हणाली, "अक्कानी दिन्हा शे. पहिली येचनीले."

आता खरं काय ते ऐक. आमच्या सासरी पहिल्या वेचणीच्या दिवशी बांधावर दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि घरची सून वेचणाऱ्या प्रत्येक बाईच्या ओटीत ओंजळ ओंजळ कापूस घालते. सासूबाई घालायच्या, आता मी घालते. हिलाही घातला होता, हात जरा सढळच होता माझा त्या दिवशी. पण ओंजळ ती ओंजळ आणि गाठोडं ते गाठोडं. ह्यांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, "तू दिलास का हा?" मी म्हटलं, "दिला, पण एवढा नाही दिला." बास. त्या एका वाक्यावर गाठोडं पुरावा म्हणून आमच्या कोठीत ठेवलं गेलं, आणि ठरलं की ग्रामसभा झाली की ठरावाबरोबर तिलाही पोलीस ठाण्यात न्यायचं, म्हणजे वरच्यांना कळेल की आमचं गाव नुसतं बोलत नाही. ती रडली नाही, हातापाया पडली नाही. पदर खोचला आणि निघून गेली. मला तिच्या त्या न रडण्याचाही संशय आला, बघ.

दुसऱ्याच दिवशी पिंजारी आला. त्याला मीच आधीपासून सांगून ठेवलं होतं, कारण लग्नात तू दिलेली गादी आता पार दगड झाली होती. तू ती गादी बैलगाडीवर चढवताना सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाली होतीस की हिच्यात माझ्या सरव्याचाच कापूस आहे, कोणाची मेहेरबानी नाही. माझ्या सासरच्यांना तेव्हा हसू आलं होतं. मला मात्र अभिमान वाटला होता, कारण सरवा म्हणजे काय ते मी तुझ्या मागे फिरून पाहिलेलं होतं. वेचण्या संपल्या, मालकाने रान मोकळं केलं, की मग आपण जायचो. झाडावर राहिलेलं किडकं, अर्धवट उमललेलं बोंड, डागाळलेला, पानाचा चुरा अडकलेला कापूस. कवडी म्हणायचो आपण त्याला. दिवसभर काट्याकुट्यात हात घालून जेमतेम एक गाठोडं व्हायचं, आणि व्यापारी त्याला नाक मुरडून घ्यायचा.

पिंजाऱ्याने गादीची शिवण उसवली आणि आतली रुई अंगणात काढली. मी पायरीवर बसून बघत होते. जुनी झाली म्हणून वरून जराशी पिवळट, पण यंत्रातून निघायला लागली तशी पांढरी, मऊ, लांब धाग्याची. कवडीचा एक डाग नाही, पानाचा एक कण नाही. मी उठून मूठभर हातात घेतली आणि उन्हात धरून पाहिली. असा कापूस पहिल्या-दुसऱ्या वेचणीचा असतो, माय. सरव्याचा असा कापूस मी जन्मात पाहिलेला नाही, तूही पाहिलेला नसशील. पिंजारी म्हणाला, चांगला माल आहे अक्का, माहेरचा का? मी हो म्हटलं आणि त्याला चहा करायच्या निमित्ताने आत गेले.

चुलीपाशी उभी राहिले आणि मला एकदम दोंडाईच्याच्या अलीकडची ती वाट दिसायला लागली. तू पुढे चालतेस, मी मागे. शेताचे मालक, ज्यांना सगळं गाव आबा म्हणायचं, ते बैलगाडी आडवी घालून उभे आहेत. त्यांना चोरीचा वहीम आहे. तू डोक्यावरचं गाठोडं खाली टाकतेस आणि म्हणतेस, "बठ्ठं देखी ल्या, आबा. मी काय चोर शे का?" ते काठीने कापूस खालीवर करतात, सगळी कवडीच निघते. आबांची मान खाली जाते. मी तर इतकी खूश की वाटेभर तुझ्यापुढे उड्या मारत होते, आणि तू मात्र एकेक पाऊल जपून टाकत होतीस. मी तुला विचारलं की आता का घाबरतेस, तर तू माझ्या दंडाला असा चिमटा काढलास की आठ दिवस वळ होता. तेव्हा मला वाटलं की अपमान झाला म्हणून चिडलीस. आता चहा उकळताना मला आठवलं की तुझ्या कमरेची ओटी त्या दिवशी बांधलेली होती. बाईच्या ओटीला आबा हात लावणार नाहीत, हे तुला माहीत होतं.

की नव्हतंच तिच्यात काही? तू पाच-पन्नास शेतांवर वेचणीला गेलेली बाई. तुलाही पहिल्या वेचणीला कोणी ओंजळ घातली असेल. ती तू विकली नसशील, साठवली असशील, रोज सांजेला बसून हाताने सरकी काढली असशील, पोरीच्या लग्नासाठी. ओंजळ ओंजळ करून गादी भरायला किती वर्षं लागतात याचा हिशोब मी मांडायला गेले आणि सोडून दिला. तसं असेल तर सरव्याचा आहे असं खोटं का सांगितलंस? दिलेला आहे म्हणायला लाज वाटली? की दिलेला नव्हताच? मला राग आला तुझा. मेल्यावरसुद्धा बाई धड उत्तर देत नाही.

ग्रामसभा काल झाली. ठराव वाचून झाला, सगळ्यांनी हात वर केले. मग त्या बाईला पुढे बोलावलं आणि कापूस कुठून आणला ते सांग म्हणाले. तिने तेच सांगितलं, त्याच शब्दांत. हसले काही जण. मी बायकांत मागे बसले होते, उठले आणि म्हणाले, "मीच दिला. सगळा मी दिला." ह्यांनी मान वळवून परक्या बाईकडे पाहतात तसं पाहिलं. त्या दिवशी तर नाही म्हणालीस, असं चुलतदिराने विचारलं. मी म्हटलं, त्या दिवशी आठवलं नाही, आता आठवलं, पुढे काही विचारायचंय का? घरच्या सुनेला खोटारडी म्हणायची हिंमत अजून तरी गावात नाही. गाठोडं तिला परत दिलं. तिने ते डोक्यावर घेतलं आणि जाता जाता माझ्याकडे जे पाहिलं त्यात आभार वगैरे काही नव्हते. ही बाई आता माझ्याकडून काय काढून घेणार, असं ती बघत होती. मला ते आवडलं. शहाणी आहे.

हे माझ्याशी अजून बोललेले नाहीत. जेवण वाढलं तर जेवले, हात धुतले आणि बाहेर गेले. त्यांचं काही चुकत नाही, कारण मी खोटं बोलले हे त्यांना पक्कं माहीत आहे. तुला मात्र वाटेल की पोरीने एका गरिबाला वाचवलं, तिच्यावर विश्वास ठेवला. तसं काही नाही. तो कापूस आमच्या नाल्याकडच्या शेतातलाच आहे असं मला अजून वाटतं. ठाण्यात नेऊन कोणी तिला दहादा विचारलं असतं तरी तिला जे सांगता येणार नव्हतं, ते तुलाही सांगता आलं नसतं, एवढंच मला त्या सभेत दिसलं आणि मी उठले.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच. आणि खरं सांगू का, तू आत्ता ह्या पायरीवर येऊन बसलीस, माझ्या डोक्यावर हात ठेवलास आणि तो कापूस कुठून आणला ते शपथेवर सांगितलंस, तरी मी मान हलवीन, हो म्हणेन, आणि मनातून तुझ्यावर विश्वास ठेवणार नाही.