कोयत्याची सावली

ज्याच्या दृष्टीने सृष्टी उभी राहते आणि ज्याने डोळा मिटताच ती लय पावते, त्या महादेवाची कृपा या कागदावर असो. जे पाहवत नाही त्याच्यापुढेही नजर स्थिर ठेवण्याचे बळ तोच देवो.

सर, मी उदगीरहून नांदेडला तुमच्या वर्गाला येणारी विद्यार्थिनी. तुम्ही हे जग सोडून गेलात त्या वयाहून मी आज कितीतरी मोठी आहे, तरी तुम्हाला लिहिताना पाठ आपोआप ताठ होते. निवृत्तीनंतर लातूरच्या एका महाविद्यालयात मी ‘चित्रपटाची ओळख’ हा विषय शिकवते. चित्रपटांचे प्रकार, चळवळी, समीक्षेच्या दृष्टी, सारे तुम्ही लावून दिलेल्या क्रमानेच. गेल्या मंगळवारी त्या वर्गात एक माणूस आमच्या डोळ्यांदेखत तुडवला गेला. पडद्यावर नव्हे, एका मुलीच्या तळहातावर. तेव्हापासून तुमच्याशी बोलल्यावाचून राहवत नाही.

नांदेडचा तो वर्ग अजून डोळ्यांपुढे आहे: खिडक्यांना तुम्ही घोंगड्या लावल्या आहेत. प्रोजेक्टर घरघरतो आहे. पडद्यावर एक माणूस कुऱ्हाड उगारतो आणि दुसऱ्याच क्षणी एका बाईचा रक्ताने माखलेला चेहरा समोर येतो. पुढच्या बाकावरून किंकाळी उठते. मी पदराने डोळे झाकते. तुम्ही दिवा लावून विचारता, “खून कोणी केला?” आम्ही एकमुखाने सांगतो, त्या माणसाने. मग तुम्ही दोन्ही तुकडे सुटे सुटे, पूर्ण दाखवता. माणूस बाभूळ तोडतो आहे. बाई रंगपंचमी खेळून खळखळून हसते आहे. कृष्णधवल चित्रात रंग आणि रक्त सारखेच काळे दिसतात. “या माणसाने त्या बाईला जन्मात पाहिलेलं नाही,” तुम्ही म्हणता. “खून झाला तो दोन चित्रांमधल्या रिकाम्या जागेत, आणि तो तुम्ही केलात. जा, हात धुऊन या.” आम्ही हसलो होतो. तुम्ही हसला नव्हता. पुढे क्रांतीनंतरच्या रशियात ज्यांनी त्या रिकाम्या जागेतून ठिणग्या पाडल्या त्यांची चळवळ तुम्ही शिकवलीत, आणि महायुद्धाने उद्ध्वस्त झालेल्या इटलीत ज्यांनी कॅमेरा रस्त्यावर नेऊन साध्या माणसांपुढे उभा केला त्यांचीही. पण माझ्या हाडांत भिनली ती बाभळीवरची कुऱ्हाडच.

त्याच महिन्यात आमच्या घरात गज उठला. माझ्या वडिलांचे, अप्पांचे, उदगीरला कापडाचे दुकान होते आणि कापड मोजायचा लोखंडी गज गादीशेजारी उभा असे. मी अंधाऱ्या खोलीत मुलांसोबत बसून सिनेमे पाहते, हे कोणीतरी त्यांच्या कानावर घातले. त्यांनी मला दुकानामागच्या खोलीत नेऊन पाठीची कातडी फाटेपर्यंत मारले. “नाच बघायलीस? आमच्या घरची पोर, अंधारात बसून नाच बघायलीस?” प्रत्येक शब्दाला एक तडाखा होता. मी वर्गाला आले नाही म्हणून तुम्ही बस धरून उदगीरला आलात. तुम्ही बौद्ध आहात हे अप्पांना ठाऊक होते, आणि त्यांच्या क्रोधाला तेवढे सरपण पुरेसे होते. तुम्ही दुकानाची पायरी चढलात आणि गज तुमच्या कपाळावर बसला. गादीवर पांढऱ्या मलमलीचे ठाण उलगडलेले होते. तुमचे रक्त त्यावर ठिबकत गेले. मी आतल्या दारातून पाहत होते.

तुम्ही मागे सरला नाहीत. “अप्पा,” तुम्ही म्हणालात, “सकाळी गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन तुम्ही काय करता?”

“पूजा करतो. तुला काय कळतंय त्यातलं, मास्तर?”

“पण पूजेत करता काय?”

“बघतो.”

“डोळे मिटून?”

“उघडे ठिवून. नजर हालू देत न्हाई.”

“मी तेवढंच शिकवतो,” तुम्ही म्हणालात. “समोर जे आहे त्यावरून नजर हलू द्यायची नाही. पोरीला येऊ द्या.”

गज पुन्हा उठला नाही. तुम्ही आपलाच रुमाल कपाळाला बांधून बसस्थानकाकडे चालू लागलात. अप्पांनी तुम्हाला पाणीही विचारले नाही. पण त्यांनी माझी नांदेडची बस पुन्हा कधी अडवली नाही, आणि त्यांचा हात माझ्यावर पुन्हा पडला नाही.

मंगळवारी मी सूडपट शिकवत होते. म्हणत होते की चित्रपटाचा प्रकार हा प्रेक्षकाने मनात आधीच बांधून आणलेला संकेत असतो. शस्त्र उगारले गेले की रक्त दिसणार, रक्त दिसले की शासन होणार. ते झाल्याशिवाय प्रेक्षक खुर्ची सोडत नाही. इतक्यात मागच्या बाकावरून एक मुलगा ओरडला, “मॅडम, मग आमच्या जळकोटचा पिच्चर बघा की! कोयतेवाला! लई भारी हाय, हिरो बी न्हाई लागत त्याला.” वर्ग खिदळला. दुसऱ्या रांगेतली एक मुलगी उठून उभी राहिली. फार बोलणारी मुलगी नव्हे ती.

“त्यो कोयतेवाला माझा भाऊ हाय,” ती म्हणाली.

हशा जागच्या जागी मेला. मग तिनेच सांगितले. भाऊ जळकोटच्या बाजारात गाड्यावर शहाळी विकतो. त्याने कोणाचे तरी डोके फोडले असे म्हणत लोकांनी त्याला ठेचले आणि ते चित्रण घरोघरी पोचले. आता तो इथेच लातूरच्या दवाखान्यात आहे, जबडा तारांनी बांधलेला. खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर पोलीस बसतो. बरा झाला की थेट कोठडी; पुरावा म्हणून हेच चित्रण. “दाखवा, मॅडम, सगळ्यांसमोर. पर तुमी शिकवता तसं बघायचं. नुस्तं बघायचं न्हाई.” तिने मोबाइल डाव्या तळहातावर ठेवला आणि माझ्यापुढे धरला. अप्पा लिंग धरीत, अगदी तसा.

सर, आम्ही पाहिले. एक तरुण कोयता उगारतो. लगेच एका माणसाच्या डोक्यातून भळभळणारे रक्त. मग जमाव. काठी पाठीवर पडते, दुसरी कानावर. एक जण त्याच्या छातीवर चढून उड्या मारतो. कोणाची तरी चप्पल त्याच्या तोंडात कोंबली जाते. एक वीट वर जाते आणि खाली येते, आणि जबडा फुटल्याचा आवाज, ओले लाकूड मोडावे तसा. कॅमेरा हलतो, पण हटत नाही; मागून कोणी म्हणतो, “आजून हाण.” जुन्या ग्रंथांनी रौद्राला रस म्हटले, कारण रंगमंच आणि प्रेक्षक यांच्यामध्ये अंतर राखलेले असते. इथे ते अंतरच नव्हते. हा रस नव्हता, ही नशा होती. माझे डोळे मिटू लागले तशी त्या मुलीने माझे मनगट घट्ट धरले. “मॅडम, बघा.”

मग मी तुमचाच प्रश्न विचारला: पहिल्या चित्राच्या आधी काय होते? आणि दोन चित्रांच्या मध्ये काय आहे? कॅमेरा हलतो म्हणजे सगळे खरेच असणार, असा वाद कोणी घातला. त्यावर मी म्हणाले, खरेपणाचीही एक शैली असते. आम्ही चित्रण पुन्हा लावले, थांबवले, पुन्हा लावले. दर वेळी वीट नव्याने पडत होती आणि ती मुलगी एकदाही वळली नाही. शेवटी मागच्या बाकावरचा तोच मुलगा पुढे येऊन वाकला. “थांबा, मॅडम. कोयता वर हाय तवा सावली गाड्याच्या बुडाला हाय. दुपार. आन् रगत दिसतंय तवा सावल्या पार भिंतीवर चढल्यात. सांज झालीय तितं.” सगळे झुकले. कोयत्याच्या चित्रात गाड्यावर शहाळ्यांचा ढीग होता; रक्ताच्या चित्रात गाडा रिकामा होता. भाऊ दुपारी शहाळे सोलत होता, सर. बाभूळ तोडत होता. संध्याकाळच्या रक्ताला कोणीतरी तो कोयता मागाहून जोडला होता. त्या माणसाचे डोके कोणी फोडले ते आम्हाला कळले नाही. चित्र सांगेल तेवढेच सांगायचे, हे तुम्हीच बजावले होते.

तो मुलगा खाली बघत म्हणाला, “म्या बी पाठवलता ह्यो. धा-बारा गुरुपला.”

“मग त्याच गुरुपला आता सावल्या पाठव,” ती मुलगी म्हणाली. “खुणा करून पाठव. आन् उद्या माझ्यासंगं ठाण्यात चल. मी भैन हाय, माझं कोण ऐकतंय? तू तर हसणारा हायस.”

तो गेला. सोबत अर्धा वर्ग गेला. ठाण्यातल्या साहेबांनी चित्रण पाहिले, आधी उभ्याने, मग बसून, मग दार लावून. काल ती मुलगी वर्गात आली तेव्हा मी काही विचारले नाही. तास संपल्यावर तीच माझ्या टेबलाशी थांबली. “सकाळी पोलिसानं स्टूल उचलून नेलं, मॅडम,” ती म्हणाली. “भावाला बोलता येत न्हाई. त्यानं स्टुलाच्या रिकाम्या जागंकडं बोट दावलं. लई येळ दावत ऱ्हायला.”

हे पत्र कोठे टाकायचे नाही. ते माझ्या पूजेच्या पेटीत राहील. तुम्हाला कर्मकांड खपत नसे, म्हणून एवढे सांगून टाकते: तुम्ही गेलात त्या दिवसापासून रोज सकाळी लिंग तळहातावर घेतले की शिवाच्या आधी मी तुम्हाला स्मरते. तुमची परवानगी नाही, ठाऊक आहे. हवे तर रागवा.

आणि ज्या कोणाच्या हाती हा कागद पुढे पडेल, त्या सर्वांचे कल्याण असो. तुमचे हात दगडापासून दूर राहोत, आणि सावली पाहण्याइतका धीर तुमच्या डोळ्यांना लाभो.